प्ले स्टोअर की आपलं वेब ॲप? तालुक्याच्या गावातून बघताना

घाटंजी-दारव्ह्याकडची पोरं विचारतात, कृषी केंद्रासाठी ॲप केलं तर प्ले स्टोअरवर टाकायचं की वेब ॲपची (ब्राउझरमध्येच चालणाऱ्या ॲपची) लिंक द्यायची? मी वेब ॲप धरलं. माझं काम उधारी आणि काटापट्टीच्या नोंदींचं आहे. तुमचं वेगळं असेल तर उत्तरही वेगळं येऊ शकतं.

प्ले स्टोअरच्या नोंदणीचे 25 डॉलर एकदाच लागतात, ते सोडा. गूगलचं 15 टक्के कमिशन मात्र खटकतं. ॲपमधून बियाण्याची थैली विकली तर कमिशन नाही, हिशोबाची वर्षाची वर्गणी विकली तर आहे. ॲपमधले पैसे गूगलच्याच बिलिंगमधून घ्यायच्या सक्तीवरून स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर 2022 मध्ये गूगलला 936.44 कोटींचा दंड केला (अपिलात तो पुढे बराच घटला). आता दुसरा गेटवेही (पैसे घेणारी सेवा) ठेवता येतो, पण त्यातून पैसे आले तर कमिशन 4 टक्क्यांनीच उतरतं आणि गेटवेवाला आपला वाटा घेतोच.

तरी तेवढ्यावर मी थांबलो नसतो. माझा निर्णय चाचणीच्या अटीने केला. 13 नोव्हेंबर 2023 नंतर काढलेल्या वैयक्तिक खात्याला ॲप सगळ्यांसाठी खुलं करण्याआधी किमान 12 जण सलग 14 दिवस चाचणीत ठेवावे लागतात. पूर्वी 20 लागायचे. कंपनीच्या खात्याला ही अट नाही. चाचणीत यायला गूगल खातं लागतं. आता आपल्याकडे बघा: काकांच्या फोनमधलं जीमेल मोबाइलच्या दुकानवाल्याने काढून दिलेलं, पासवर्ड कुणाला ठाऊक नाही, आणि कापूस वेचणीच्या दिवसांत ॲप तपासायला वेळ कोणाला? फसव्या ॲपना चाळणी हवीच. पण ऑनलाइन पैसे मोजले की परीक्षक भाड्याने मिळतात. मग अडतो तो प्रामाणिक एकटा माणूसच. मला हे न्याय्य वाटत नाही.

वेब ॲपची लिंक व्हॉट्सॲपवर जाते, होम स्क्रीनवर बसते, नीट बांधलं तर रेंज नसतानाही नोंद घेते. पैसे थेट यूपीआयने. चूक सापडली तर रात्री दुरुस्त करतो, सकाळी दुकान उघडेपर्यंत सगळ्यांकडे पोचलेली असते. उणीव आहे: ब्राउझरचा डेटा साफ केला की सर्व्हरवर न चढलेल्या नोंदी जातात. आणि प्ले स्टोअरवर नाही म्हटलं की अनोळखी माणूस बिचकतो.

फोनपेच्या इंडस ॲपस्टोअरवर आपला गेटवे वापरला तर कमिशन नाही, पण बहुतेक गिऱ्हाइकांना आधी ते स्टोअरच फोनवर घ्यायला लावावं लागतं.

ओळखीच्या चार-पाच तालुक्यांपुरतं काम असेल तर मी वेब ॲपच सुचवेन. नागपूर-अमरावतीचं अनोळखी गिऱ्हाईक हवं असेल तर प्ले स्टोअर टाळू नका. फक्त जमलं तर खातं फर्मच्या नावाने काढा. त्याला डी-यू-एन-एस क्रमांक (फर्मची ओळख पटवणारा नंबर) लागतो, त्याचा अर्ज आधी करून ठेवा.