आधी लहान कर्ज की आधी महाग कर्ज?

समजा, तीन देणी आहेत: क्रेडिट कार्डावर ६०,००० रुपये, पतसंस्थेचे १२,००० आणि बँकेचं वैयक्तिक कर्ज दीड लाख. सगळीकडचे ठरलेले हप्ते भरून महिन्याला ४,००० उरतात. ते कुठे घालायचे?

हिशेब सरळ कार्डाकडे जातो. महिना साडेतीन टक्क्यांनी ६०,००० वर २,१०० रुपये व्याज, वर त्यावर १८ टक्के जीएसटी. पतसंस्थेचं वर्षाला १४ टक्क्यांनी महिन्याचं व्याज जेमतेम १४० रुपये. शिवाय कार्डाची थकबाकी पुढे ओढली की नव्या खरेदीलाही बिनव्याजी मुदत मिळत नाही.

तरीही माझं मत: पतसंस्थेचं कर्ज आधी फेडा. तीन महिन्यांत ते संपतं. ते १२,००० कार्डावर न भरल्याने जीएसटी धरून महिन्याला साधारण ३५५ रुपये जादा जातील, हे मान्य. पण वहीतल्या एका नावावर लाल रेघ मारताना हात हलका होतो, जामीनदार भावोजींसमोर मान वर राहते आणि तिथला सुटलेला हप्ताही कार्डाकडे वळवता येतो. कार्डाची थकबाकी वर्षभर फेडूनही संपलेली दिसत नाही. तिथेच माणूस कंटाळतो आणि पुन्हा कार्ड घासतो.

मात्र सगळ्यात लहान कर्ज फिटायलाच वर्ष लागणार असेल, तर कार्डच आधी. बँकेचं शेवटी; स्थिर व्याजदराच्या कर्जावर मुदतपूर्व फेडीचं शुल्क आहे का, तेवढं करारात बघा.

पतसंस्थेतून निघताना बेबाकी दाखला, म्हणजे कर्ज पूर्ण फिटल्याचा दाखला, घ्यायला विसरू नका.