हिवाळी टायर, ऑल-सीझन की साखळ्या?

बर्फाच्या प्रदेशात पहिल्यांदाच गाडी घेणारे बहुतेक जण आधी विचारतात, फोर-व्हील ड्राइव्ह घेऊ का? माझं म्हणणं, आधी टायरचं बघा. चारही चाकांना ताकद मिळाली की गाडी बर्फातून निघते, चढही चढते. पण ब्रेक प्रत्येकच गाडीत चारही चाकांना असतात, आणि थांबताना रस्ता धरून ठेवायला शेवटी टायरच असतो. म्हणून ही तुलना गाडी थांबते कशी, यावरून केली आहे.

हिवाळी टायर

साध्या उन्हाळी टायरचं रबर साधारण ७ अंश सेल्सियसच्या खाली कडक होऊ लागतं. म्हणजे बर्फ नसतानाही पकड कमी होते. हिवाळी टायरचं रबर थंडीतही मऊ राहतं आणि नक्षीवरच्या असंख्य बारीक चिरा बर्फाला धरतात. युरोपात नक्षीची खोली कायद्याने किमान १.६ मिलिमीटर लागते, पण बर्फासाठी ती ४ मिलिमीटरच्या खाली गेली की टायर बदलावेत.

तोटे आहेतच: दुसरा संच घ्या, तो ठेवायला जागा शोधा, वर्षातून दोनदा बदला. उन्हाळ्यात तेच चालवले तर लवकर झिजतात आणि तापलेल्या रस्त्यावर थांबायला जास्त अंतर घेतात. मात्र दोन संच आलटूनपालटून वापरले की प्रत्येकाची झीज निम्म्यावर येते, हेही हिशेबात धरा.

पैसे वाचवायला पुढचे दोनच बदलू नका, ही माझी कळकळीची विनंती. पुढे पकड आणि मागे नाही, अशी गाडी वळणावर ब्रेक लागताच मागून घसरते आणि गरकन फिरते.

ऑल-सीझन

थंडी बेताची आणि बर्फ वर्षातून मोजके दिवस, तर हे बाराही महिने चालणारे टायर पुरतात. फक्त टायरवर तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण असं चिन्ह हवं. ते बर्फावरच्या चाचणीनंतरच मिळतं. नुसतं ‘एम+एस’ (मड अँड स्नो, म्हणजे चिखल आणि बर्फ) हा उत्पादकाचा स्वतःचा दावा असतो. दाबून घट्ट झालेल्या बर्फावर मात्र चांगला हिवाळी टायर यांच्या आधी थांबतो.

साखळ्या

टायरभोवती बसवायच्या या साखळ्या हिवाळी टायरला पर्याय नव्हेत. खोल बर्फ, तीव्र चढ, तेवढ्यापुरत्या चढवायच्या, त्याही ज्या चाकांना इंजिनाची ताकद जाते त्यांनाच. वेग ताशी ५० किलोमीटरच्या आत. कोरडा डांबरी रस्ता लागला की काढायच्या. चढवायचा सराव आधी घरी करा. अंधारात, गारठलेल्या बोटांनी पहिल्यांदा जमत नाही.

काळ्या बर्फाचा, म्हणजे रस्त्यावर सहज न दिसणाऱ्या पारदर्शक बर्फाचा, पातळ थर यातल्या कशालाच फारसा जुमानत नाही. तो पुलांवर आणि सावलीत आधी धरतो. शून्याच्या आसपासचा बर्फ कडाक्याच्या थंडीतल्या बर्फापेक्षा जास्त निसरडा असतो, हे अनेकांना ठाऊक नसतं. ब्रिटनची वाहतूक नियमावली बर्फाळ रस्त्यावर थांबायला दहापट अंतर लागू शकतं असं सांगते. तिथे वेगच कमी हवा.

महिनोन्‌महिने बर्फ असेल तर मी हिवाळी संचच घेईन, आणि घाटातून जाणं असेल तर डिकीत साखळ्याही ठेवीन. काहीही निवडलंत तरी थंडी पडताच हवा तपासा: पारा १० अंश उतरला की टायरचा दाब साधारण १ ते २ पीएसआय घटतो.