एक्झॉस्ट ब्रेक स्वतः बसवला: नऊ महिने, दोन सिलिंडर आणि साइड स्टँडची स्प्रिंग

एक्झॉस्ट ब्रेक म्हणजे धुराच्या पाइपमध्ये बसवलेली झडप; ती मिटली की धूर कोंडतो आणि इंजिनच गाडीला रोखून धरते. कसारा घाट उतरताना आधार व्हावा म्हणून बसवलेल्या या ब्रेकने मला पहिला दणका दिला तो घाट चढताना. डिसेंबरची अखेर होती, वाशीला कांदा उतरवून गाडी रिकामी परत येत होती, तरीही तिसऱ्या गिअरमध्ये ती ओढ घेईना, काळा धूर सुटला आणि मागच्या कंटेनरवाल्याने हॉर्नवर ठेवलेला हात काही काढला नाही. कडेला घेऊन खाली वाकून पाहिले, तर पाइपमधील झडप अर्धी मिटून अडकली होती आणि तिला मागे ओढणारी स्प्रिंग सैल नाडीसारखी लोंबत होती. ब्रेक बसवून तेव्हा सात आठवडे झाले होते. आज नऊ महिने होत आले असून ब्रेकबद्दलचे माझे मत दोनदा बदलले आहे. त्या स्प्रिंगबद्दलचे एकदाही नाही.

गाडी म्हणजे १६१३ मॉडेलचा सहा चाकी ट्रक, ५.९ लिटरचे कमिन्स इंजिन, डिझेलचा पंप यांत्रिक. किट साडेतेरा हजारांना पडले आणि मिस्त्रींनी मजुरी चार हजार सांगितल्यामुळे दिवाळीत गाडी उभी असताना मी ते स्वतःच बसवले. टर्बोच्या पुढचा पाइप कापून दोन फ्लँज तेवढ्या बाहेरून वेल्डिंग करून आणल्या. झडप फ्लेक्सिबल (जाळीच्या लवचीक) पाइपच्या आधी, इंजिनाच्या बाजूलाच बसली पाहिजे, कारण झडप मिटल्यावर तिच्यामागे जो दाब तयार होतो तो फ्लेक्सिबलच्या जाळीतून निसटला, तर ब्रेक कसला लागणार? या दाबाने जुने सांधेही उघडे पाडले. मॅनिफोल्डचे एक गॅस्केट आधीपासूनच फुंकत होते, हे मला शिट्टी ऐकू आल्यावर आणि काजळीचा पट्टा दिसल्यावर कळले.

झडप मिटवणाऱ्या सिलिंडरला हवा कुठून घ्यायची, याबाबत मात्र कोणीही काटकसर करू नये. जवळ पडते म्हणून पायब्रेकच्या हवेच्या टाकीला टी (तीन तोंडांचा जोड) लावणारे मी पाहिले आहेत. गाडीची हवा चार वाटांना वेगवेगळी वाटणाऱ्या प्रोटेक्शन व्हॉल्व्हवर २१ आणि २२ ही तोंडे पायब्रेकची असतात; २४ हे जोडसाहित्याचे, आणि हवा तिथूनच घ्यावी, म्हणजे आपली नळी फुटली तरी पायब्रेकची हवा राखलेली राहते. शेवटचा हातभर तुकडा नायलॉनचा न ठेवता तांब्याचा केला, कारण त्या उष्णतेत नायलॉन टिकत नाही. मात्र इंजिन रबरावर हलत असल्याने तांब्याच्या नळीला एक वेटोळे द्यावे लागले.

झडपेच्या मधोमध एक छिद्र होते. माल खराब आला असे समजून मी ते बुजवायला निघालो होतो, आणि मिस्त्रींनी अडवले नसते तर इंजिन उघडण्याची वेळ आली असती. ते छिद्र मुद्दाम ठेवलेले असते: दाब प्रमाणाबाहेर वाढला, तर तो एक्झॉस्ट व्हॉल्व्हला त्याच्या स्प्रिंगविरुद्ध बैठकीवरून उचलतो. किटवाल्याने माहितीच्या कागदावर स्वतःचा लोगो तीन ठिकाणी छापला होता, या छिद्राबद्दल एक ओळही नव्हती.

पहिल्या खेपेला दहा टन माल घेऊन मी चौथ्या गिअरमध्ये घाटात शिरलो आणि बटण दाबले. घरघर वाढली, वेग काही कमी झाला नाही. साडेतेरा हजार पाण्यात गेले, असे मी त्या रात्री घरी सांगूनही टाकले. पुढच्या खेपेला मिस्त्री शेजारी बसले आणि म्हणाले, "ज्या गिअरात चढतोस त्याच गिअरात उतर की." इंजिनाचे फेरे चढल्याशिवाय हा ब्रेक काम करत नाही. तिसऱ्यात टाकल्यावर गाडी कोणीतरी मागून दोर धरावा तशी सावरली आणि संपूर्ण उतारात मी पायब्रेक जेमतेम पाच-सहा वेळा वापरला. खाली पोहोचल्यावर चाकाच्या ब्रेक-ड्रमजवळ हात नेला, तर जळक्या ब्रेक-लायनरचा तो ओळखीचा वास नव्हता. पूर्वी त्या जागी आम्ही बाटलीने पाणी ओतत असू, आणि त्यानेच दोन ड्रम तडकले होते.

येथे एक गोष्ट सांगावीशी वाटते. डिझेल वाचवायला उतारावर न्यूट्रल करणाऱ्यांना हा ब्रेक निरुपयोगी आहे, कारण गाडी गिअरमध्ये असेल तरच तो लागतो. नोव्हेंबर २०२२ मध्ये पुण्यात नवले पुलाच्या उतारावर एकाच अवजड वाहनाने अनेक गाड्या ठोकल्यानंतरही आमच्या थांब्यावर ही सवय सुटलेली नाही. शिवाय त्यात बचतही नाही: गिअरमध्ये अ‍ॅक्सिलरेटर सोडला की पंप डिझेल तोडतो, न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला ते जळतच राहते.

माझी स्वतःची चूक क्लचची. अ‍ॅक्सिलरेटरला मायक्रोस्विच लावला, म्हणजे पाय पडताच झडप उघडते; क्लचचा मात्र पुढच्या रविवारवर ढकलला. टोलनाक्याजवळ झडप मिटलेली असताना क्लच दाबला आणि इंजिन गपकन बंद पडले. त्याबरोबर पॉवर स्टिअरिंगही गेले. त्याच संध्याकाळी स्विच लागला. मागच्या गाड्यांना कळावे म्हणून रिले टाकून ब्रेकलाइटही जोडून घेतला. पावसाळ्यात गाडी रिकामी असताना हा ब्रेक मी बंदच ठेवतो, कारण तो फक्त मागच्या चाकांना धरतो आणि ओल्या रस्त्यावर मागची बाजू सरकू पाहते.

आता स्प्रिंग. ती टर्बोच्या पाइपपासून चार बोटांवर, उघडी आणि आडोशाविना दिलेली आहे. चढावर तापून तिचे पाणी उतरणार, हे लोहारकाम पाहिलेल्या पोरालाही कळेल. किटवाल्याला फोन केला तर उत्तर आले, "स्प्रिंग सुटी मिळत नाही शेठ, सिलिंडरचा सेट घ्यावा लागेल." सेट अठ्ठावीसशे. वॉरंटीबद्दल विचारले, तर "गरम होणारे पार्ट त्यात येत नाहीत," म्हणाले. एक्झॉस्टच्या सामानात गार राहणारा पार्ट कोणता, हे विचारेपर्यंत फोन ठेवला होता. निमूटपणे सेट घेतला. त्याची स्प्रिंग फेब्रुवारीत, पाच आठवड्यांत गेली.

मग झडपेच्या लिव्हरला नऊ इंचांचा रॉड जोडून स्प्रिंग गिअरबॉक्सच्या बाजूला नेली आणि मध्ये पत्र्याचा आडोसा दिला. दुसरे टोक चेसिसला बांधण्याचा मोह टाळावा, कारण इंजिन हलले की ओढ बदलते. ते गिअरबॉक्सच्याच बोल्टखाली घेतले. स्प्रिंग कोणती? मोटारसायकलच्या साइड स्टँडची, चाळीस रुपयांची. झडपेच्या दांड्याच्या टोकावर पांढऱ्या रंगाची रेघ मारली आहे. ती पाइपला समांतर दिसली की झडप पूर्ण उघडी. रोज सकाळी तेल-पाणी पाहताना तेवढी रेघ पाहतो, आणि काजळीने दांडा धरू नये म्हणून सपाट रस्त्यावरही दिवसातून दोन-चार वेळा बटण दाबतो.

मागचे लायनर पूर्वी चार महिन्यांत संपत. हे नववा महिना गाठूनही निम्मे शिल्लक आहेत. साइड स्टँडच्या स्प्रिंगला सहा महिने झाले. तशाच आणखी दोन डॅशबोर्डच्या कप्प्यात, किटवाल्याच्या वॉरंटी कार्डात गुंडाळून ठेवल्या आहेत.