बिलिंग सॉफ्टवेअर चांगले, नूतनीकरणाचे बटण फसवे : वर्षभराहून अधिक वापरानंतरचा अनुभव

पंपाचे सुटे भाग आणि मोटर रिवाइंडिंगच्या माझ्या दुकानात गेल्या वर्षापासून हे सॉफ्टवेअर वापरात आहे. त्यातल्या सोयी सर्वांना ठाऊक आहेत, त्यामुळे त्यांची यादी देत नाही. मी जीएसटीच्या कंपोझिशन योजनेत, म्हणजे छोट्या व्यावसायिकांसाठीच्या सोप्या करयोजनेत, असल्यामुळे मला कर लावून बिल देता येत नाही. ‘बिल ऑफ सप्लाय’ द्यावे लागते आणि त्यावर ठरावीक वाक्य छापावे लागते. ते वाक्य सॉफ्टवेअर आपणहून छापते, आणि उन्हाळ्यात काउंटरवर शेतकऱ्यांची रीघ लागलेली असतानाही बिल अडकत नाही. वर्ष पूर्ण होण्याआधी कोणी विचारले असते, तर मी पाचपैकी चार तारे दिले असते.

पहिल्या वर्षाची सवलत संपल्यावर सॉफ्टवेअरची माझी वार्षिक योजना करासह २,९५० रुपयांवरून ७,०८० रुपयांवर जाणार होती. माझ्या दुकानाला एवढा खर्च पेलण्यासारखा नाही, म्हणून मुदत संपण्यापूर्वीच मी नूतनीकरण बंद केले. तरीही ठरल्या दिवशी खात्यातून ७,०८० रुपये गेले.

आता त्या बटणाविषयी सविस्तर लिहितो, कारण सगळा वाद त्याच्याभोवतीच आहे. ‘माझी योजना’ या पानावर सर्वांत वर योजनेचे नाव, त्याखाली मुदत संपण्याची तारीख आणि त्याच चौकटीत ‘स्वयंचलित नूतनीकरण’ असे बटण आहे. ते दाबले की ‘बंद झाले’ असा संदेश येतो. पैसे गेल्यानंतर फोनवर मला सांगण्यात आले, की हे बटण ग्राहकांना व्हॉट्सअ‍ॅपवर बिल पाठवण्याच्या जादा पॅकपुरते आहे. मूळ योजना बंद करायची असेल तर कार्यालयीन वेळेत फोन करून प्रतिनिधीला तसे सांगावे लागते. त्या पॅकचा उल्लेख त्या चौकटीत कुठेही नाही. योजनेच्या नावाखाली, योजनेच्या तारखेला लागून असलेले बटण योजनेचे नसेल, तर ते तिथे कशासाठी ठेवले आहे, याचे उत्तर मला अजून कोणी दिलेले नाही.

सुरुवातीला माझा राग बँकेवर होता, कारण पिन न टाकता एवढी रक्कम गेलीच कशी, हे मला कळत नव्हते. शाखेतल्या मॅडमनी शांतपणे समजावून सांगितल्यावर माझे मत बदलले. रिझर्व्ह बँकेने जून २०२२ पासून अशा नियमित वसुलीसाठी १५,००० रुपयांपर्यंत दर वेळी वेगळी पडताळणी लागत नाही असे ठरवले आहे. मात्र पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी सूचना देणे बंधनकारक आहे. बँकेची सूचना आली होती, पण तिच्यात सॉफ्टवेअरचे नाव नव्हते, भलत्याच नावाच्या कंपनीचे होते. त्याहून गंभीर बाब म्हणजे २,९५० रुपयांची योजना देताना कंपनीने यूपीआय ऑटोपेची, म्हणजे खात्यातून आपोआप पैसे कापण्याच्या परवानगीची, कमाल मर्यादा १५,००० रुपये भरून ठेवली होती. दर वाढला तरी वसुली अडू नये, याची सोय पहिल्याच दिवशी झालेली होती. यूपीआय अ‍ॅपमधल्या ‘ऑटोपे’ विभागात जाऊन पिन टाकला की अशी परवानगी रद्द करता येते, आणि मॅडमसमोरच मी ती रद्द केली.

कंपनीचे पहिले उत्तर होते, की अटींनुसार परतावा मिळत नाही. दुसरे उत्तर अधिक खटकले : तुम्ही व्यावसायिक आहात, म्हणून तुम्ही ग्राहकच नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मधील कलम २(७) व्यावसायिक हेतूची खरेदी वगळते हे खरे; पण केवळ स्वयंरोजगारातून उपजीविका करण्यासाठी स्वतः वापरायला घेतलेली वस्तू त्यात मोडत नाही, असे त्याच कलमाच्या स्पष्टीकरणात म्हटले आहे. दुकान मी एकटा चालवतो आणि बिलेही मीच करतो. हे मी लेखी कळवले. सोबत केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांचा हवाला दिला, ज्यांतल्या १३ फसव्या पद्धतींमध्ये ‘सबस्क्रिप्शन ट्रॅप’, म्हणजे वर्गणी रद्द करणे मुद्दाम अवघड करणे किंवा तो पर्याय लपवणे, याचा समावेश आहे. त्या चौकटीचा स्क्रीनशॉट जोडून राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, म्हणजे १९१५ वर, तक्रारही नोंदवली.

त्यानंतर ६,००० रुपये परत आले आणि १,०८० रुपये ठेवून घेतले गेले. कारण दिले, की जीएसटी सरकारजमा झाला आहे आणि त्याचे इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची वजावट, मला मिळतेच. कंपोझिशनवाल्याला ते क्रेडिट मिळत नाही, हे बिलिंगचे सॉफ्टवेअर विकणाऱ्यांना माहीत असायला हवे. पंपाचे खराब निघालेले मेकॅनिकल सील मी परत केले, की घाऊक व्यापारी करासह क्रेडिट नोट, म्हणजे बिलाची रक्कम कमी केल्याची चिठ्ठी, देतो. जीएसटी कायद्याच्या कलम ३४ मध्ये त्यासाठीच तरतूद आहे. हा मुद्दा त्याच तक्रारीत पुन्हा मांडल्यावर क्रेडिट नोट निघाली आणि उरलेले पैसेही आले.

ज्यांना हे सॉफ्टवेअर सोडायचे आहे त्यांनी आधी सगळी बिले आणि खातेवह्या एक्सेलमध्ये उतरवून घ्याव्यात, कारण जीएसटीच्या वार्षिक विवरणपत्राच्या देय तारखेपासून ७२ महिने नोंदी जपाव्या लागतात आणि योजना बंद झाल्यावर माझ्या खात्यात फक्त बिले पाहण्यापुरताच प्रवेश उरला. सॉफ्टवेअरला माझे अजूनही चार तारे आहेत. कंपनीच्या व्यवहाराला एकच देतो, आणि तोही शेवटी पूर्ण रक्कम परत केली म्हणून. शेजारच्या हार्डवेअरवाल्यांच्या खात्यात काल पाहिले, तर ते बटण अजून त्याच चौकटीत, त्याच नावाने आहे. त्यांची मुदत पुढच्या महिन्यात संपते, म्हणून त्यांचे ऑटोपे आम्ही कालच रद्द करून टाकले.