महिनाभर रोज लिहायचा नेम: काही महिन्यांच्या वापरानंतर

पाचपैकी साडेतीन गुण. एक गुण शब्दांच्या आकड्यासाठी कापला, अर्धा ३१व्या दिवसासाठी.

आकड्याचं आधी. १९९९ साली अमेरिकेत महिन्याभरात कादंबरी लिहायचा उपक्रम सुरू झाला, आणि पुढच्या वर्षापासून तो नोव्हेंबरमध्ये होऊ लागला: ३० दिवसांत ५०,००० शब्द, म्हणजे रोज १,६६७. तो चालवणारी संस्था २०२५ मध्ये बंद पडली, पण आकडा अजून फिरतोच आहे. मराठीला तो जड जातो. आपल्याकडे प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं शब्दालाच चिकटतात. ‘वाड्यासमोरच्या’ हा आपला एक शब्द, इंग्रजीत तिथे चार-पाच मोजले जातील. नोकरी किंवा शेत सांभाळून लिहिणाऱ्याला रोज ३०० शब्द पुष्कळ झाले. महिन्याचे ९,००० होतात.

वहीत लिहिणाऱ्यांनी रोज शब्द मोजत बसू नये. पहिल्या दिवशी आपल्या अक्षरातल्या पाच ओळी मोजून सरासरी काढा. ओळीला ९ शब्द आणि पानाला २६ ओळी असतील तर पान २३४ शब्दांचं झालं. सव्वा पानाच्या थोडं पुढे गेलात की त्या दिवसाचं काम संपलं.

महिना निवडताना मात्र डोळे उघडे ठेवा. मराठवाड्यात नोव्हेंबरइतका वाईट महिना नाही. सोयाबीनचे व्यवहार, कापसाची वेचणी, हरभऱ्याची पेरणी, आणि बऱ्याचदा दिवाळीही त्यातच. शेतीच्या घरात ऑगस्ट बरा, कोळपण्या उरकलेल्या असतात आणि सोयाबीनची काढणी लांब असते. शिक्षकांनी परीक्षांचे फेब्रुवारी-मार्च सोडावेत. मे महिन्यात सुट्टी असते खरी, पण परभणी-नांदेडकडे पारा ४२-४३ वर गेला आणि त्यात लाईट गेली की दुपारी लिहिणं विसरा. तेव्हा पहाटेच बसायचं.

वेळ घड्याळाला बांधण्यापेक्षा रोजच्या एखाद्या कामाला बांधलेली टिकते. ‘सकाळी सहाला’ म्हटलं की साडेसहाला दिवस हातचा गेल्यासारखा वाटतो. ‘पहिला चहा झाला की वही’ हे मात्र पाहुणे आले तरी जमतं. लिखाण संपवून उठण्याआधी उद्याची पहिली ओळ लिहून ठेवायची, अर्धी सोडली तरी चालेल. कोऱ्या पानासमोर जाणारी दहा मिनिटं वाचतात. कालचं पान वाचायला घेऊ नका. वाचलं की खाडाखोड सुरू होते आणि आजचं पान तसंच राहतं. दुरुस्ती महिना संपल्यावर.

भिंतीवरच्या दिनदर्शिकेत दुधाचा खाडा लिहितात तसा लेखनाचाही लिहावा. खाडा पडणारच. घोळ होतो तो भरपाईत. तीन दिवस चुकले की लोक रविवारी एका बैठकीत ९०० शब्द काढायला बसतात, थकतात आणि सोमवारीही लिहीत नाहीत. दहाव्या दिवशी तीन खाडे असतील तर उरलेल्या २० दिवसांत रोज ४५ शब्द वाढवले की हिशेब जुळतो. चार-पाच ओळींचा प्रश्न आहे.

दुसऱ्या आठवड्यात विषय आटतात. म्हणून सुरू करण्याआधीच शेवटच्या पानावर पंधरा-वीस विषय टिपून ठेवा, आणि तेही नेमके. ‘पाऊस’ हा विषय नव्हे. ‘टँकरच्या रांगेतली भांडणं’ हा विषय.

मोबाइलवर लिहिणाऱ्यांना एक सूचना. इंग्रजी अक्षरांतून मराठी उमटवणारा कीबोर्ड प्रमाण भाषेकडे ओढतो. ‘कामून’, ‘लई’, ‘व्हय’ लिहायला गेलं की भलतंच सुचवतो, आणि घाईत तेच राहून जातं. हे शब्द कीबोर्डच्या वैयक्तिक शब्दकोशात घालून ठेवा. बोलून टंकलेखन वेगवान आहे, पण विरामचिन्हं नंतर घालावी लागतात, बोलीतले संवाद तर बहुतेक पुन्हा लिहावे लागतात. तालुक्याच्या टायपिंग क्लासमध्ये मराठी ३० ची (मिनिटाला ३० शब्दांची) परीक्षा दिलेल्यांनी सरळ संगणकावर बसावं. वहीपेक्षा वेळ वाचतो, फक्त इंटरनेट बंद ठेवा.

आता तो अर्धा गुण. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या लंडनमधल्या एका अभ्यासात सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले. कुणाला १८ पुरले, कुणासाठी अंदाज २५४ पर्यंत गेला. एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडलं नाही, हेही त्यात दिसलं. त्या सवयी खाण्या-पिण्याच्या आणि व्यायामाच्या होत्या. लेखन त्याहून सोपं असेल असं मला वाटत नाही. म्हणजे ३० दिवसांत काम निम्म्यावरच येतं, आणि नेमकं तेव्हाच ‘झालं एकदाचं’ म्हणून वही कपाटात जाते. पुढे काय करायचं याबद्दल ही पद्धत काहीच सांगत नाही. आमच्याकडे चाललेला उपाय असा: ३१व्या दिवशी सुट्टी घ्यायची नाही, आकडा १५० वर आणायचा, चहानंतरची जागा तीच ठेवायची. दुरुस्तीसाठी संध्याकाळची वेगळी वेळ काढायची, सकाळच्या वेळेत ती घुसू द्यायची नाही. दुसरा महिना असा गेला की मग ३०० वर परत यायला हरकत नाही.