चार्जर लावलेला असताना: ओपनबीएसडी की फ्रीबीएसडी?

नवाकोरा लॅपटॉप असेल तर खुशाल लिनक्स घ्या. वीजबचतीत त्याच्याशी बरोबरी नाही. पण हाताशी जुना इंटेल लॅपटॉप आहे, बीएसडीच (लिनक्ससारखीच युनिक्स घराण्यातली मोफत ऑपरेटिंग सिस्टीम) टाकायचं ठरलंय आणि गाडी तिच्या ओपनबीएसडी, फ्रीबीएसडी या दोन प्रकारांपाशी अडली आहे, अशांसाठी हे लिहितोय. फोंड्यातल्या घरी रोजच्या कामाला मी दोन्ही वापरली आहेत.

ओपनबीएसडीचं कौतुक आधी करतो, कारण ते त्याच्या हक्काचं आहे. ग्राफिक्सचे ड्रायव्हर मूळ सिस्टीममध्येच असल्याने झाकण मिटलं की लॅपटॉप झोपणं आणि उघडलं की जागा होणं माझ्याकडे पहिल्या दिवसापासून बिनबोभाट चाललं. शिवाय हायबरनेशन आहे, म्हणजे चालू काम डिस्कवर जपून मशीन पूर्ण बंद होणं; ते फ्रीबीएसडीत नाही. वीज सांभाळणाऱ्या एपीएमडी या प्रोग्रामला एकदा सांगून ठेवलं की बॅटरी ठरावीक टक्क्यांवर उतरताच मशीन स्वतःहून हायबरनेट होतं. आमच्याकडे पावसाने जोर धरला की वीज कधी जाईल आणि कधी येईल याचा नेम नसतो. त्या दिवसांत ही सोय फार मोलाची.

माझं बिनसलं ते चार्जरवर. मी वापरलेल्या आवृत्तीत वेगाचं धोरण 'ऑटो' ठेवलं तरी ते बॅटरीपुरतंच. चार्जर लावला की प्रोसेसर थेट पूर्ण वेगाने धावायला लागतो, मग समोर नुसता एडिटर उघडा का असेना. मे महिन्यात खोलीच तापलेली, त्यात लॅपटॉपचा पंखा दुपारभर घोंघावतोय, हे मला काही केल्या सहन होईना. धोरण 'मॅन्युअल' करून वेगाचा आकडा खाली आणता येतो, पण मग कंपाइल (कोडचा प्रोग्राम बनवण्याचं जड काम) रखडतं. म्हणून आकडा चढवा, काम झालं की उतरवा. ओबीएसडीफ्रेकडी नावाचं पॅकेज हे काम आपोआप करतं म्हणे. पण सगळं मूळ सिस्टीममध्येच मिळतं म्हणून तर मी ओपनबीएसडीकडे वळलो होतो.

फ्रीबीएसडीत प्रोसेसरचा वेग सांभाळणारा पॉवरडी हा प्रोग्राम आहे. एका ओळीने सुरू होतो, आणि चार्जरवर कसं वागायचं, बॅटरीवर कसं, हे त्याला वेगवेगळं सांगता येतं. मी दोन्हीकडे 'अडॅप्टिव्ह' (कामाप्रमाणे वेग कमी-जास्त) ठेवलं आणि पंखा शांत झाला. मोजमाप केलेलं नाही, पण लॅपटॉप आता मांडीवर घेता येतो. तुमचा प्रोसेसर इंटेलच्या स्कायलेक पिढीचा किंवा त्यापुढचा असेल तर काम आणखी सोपं: २०२१ च्या १३.० आवृत्तीपासून इंटेलच्या स्पीड शिफ्ट या सोयीचा ड्रायव्हर आहे, म्हणजे वेग प्रोसेसर स्वतःच ठरवतो. आपण फक्त ० ते १०० मधला कल सांगायचा. ० म्हणजे वेग, १०० म्हणजे बचत. मग पॉवरडीचीही गरज उरत नाही.

उणिवा आहेतच. ग्राफिक्सचा ड्रायव्हर वेगळा घालावा लागतो, नाहीतर झोपेतून उठल्यावर पडदा काळाच राहण्याची शक्यता. वीज गेली आणि बॅटरी उतरली की काम सेव्ह करून मशीन बंद करणं आलं.

लॅपटॉप दिवसभर पाठीवरच्या बॅगेत फिरत असेल तर ओपनबीएसडी कदाचित तुम्हाला जास्त मानवेल. टेबलावर, चार्जर लावून काम करणाऱ्याला मात्र मी फ्रीबीएसडीच सुचवेन. आणि ग्राफिक्सचा ड्रायव्हर घातल्यावर, बाकी काही बसवण्याआधी, झाकण मिटून-उघडून बघा.