खाडीवरचे शोधनिबंध आणि मोफत शोधयंत्रे: आठ महिन्यांचा अनुभव

ठाणे खाडीतल्या तिवरांवर पीएचडीचा प्रबंध लिहीत असल्याने गेले आठ महिने ऐरोलीच्या घरी माझ्या बहुतेक संध्याकाळी गूगल स्कॉलर हे शोधनिबंधांचे शोधयंत्र आणि शोधगंगा हे भारतीय प्रबंधांचे ऑनलाइन भांडार यांच्यासमोर गेल्या. मी शिकवतो त्या विनाअनुदानित महाविद्यालयाला महागड्या नियतकालिकांची वर्गणी परवडत नाही, त्यामुळे मोफत साधनांवाचून गत्यंतर नव्हते.

पहिला धडा आमच्या शहराच्या नावानेच दिला. रोमन लिपीत ठाणे आणि खारफुटी हे शब्द टाकले, तर खाडीऐवजी तमिळनाडूचा किनारा पुढे आला, कारण डिसेंबर २०११ मध्ये कडलूर-पुदुच्चेरीला तडाखा देणाऱ्या चक्रीवादळाच्या नावाचे स्पेलिंगही अगदी तेच आहे. (मध्ययुगीन स्कॉटलंडमधल्या सरदारांच्या पदवीचेही तेच, पण ते सरदार निदान खारफुटीत शिरत नाहीत.) 'ठाणे क्रीक' हे शब्द अवतरणचिन्हांत घातल्यावर आणि चक्रीवादळाच्या इंग्रजी शब्दाआधी वजाचे चिन्ह दिल्यावर गर्दी ओसरली. जुन्या लेखनातले 'थाना' हे रूप मात्र स्वतंत्रपणे शोधावे लागते, आणि तिवराचे शास्त्रीय नाव 'अ‍ॅव्हिसेनिया' टाकून पुन्हा एक फेरी मारावी लागते.

स्कॉलरची खरी ताकद एका निबंधावरून त्याचा संदर्भ देणाऱ्या नव्या निबंधांपर्यंत जाण्यात आहे. 'सर्व आवृत्त्या' या दुव्याखाली पुष्कळदा लेखकाने स्वतः ठेवलेली मोफत पीडीएफही सापडते. मात्र निकाल वीस हजार दाखवले, तरी प्रत्यक्षात पहिले हजारच पाहता येतात. आत नेमकी कोणती नियतकालिके आहेत याची यादी मिळत नाही. आणि संदर्भसंख्येत (एखाद्या निबंधाचा इतरांनी किती वेळा संदर्भ दिला, त्या आकड्यात) अप्रकाशित प्रबंधही मोजले जात असल्याने तो आकडा मी गुणवत्तेचे प्रमाणपत्र मानत नाही. सिमँटिक स्कॉलर या दुसऱ्या मोफत शोधयंत्राचा, यंत्राने केलेला एका ओळीचा सारांश चाळणीपुरता ठीक आहे.

शोधगंगेवर भारतीय प्रबंध प्रकरणवार उघडतात, ही मोठीच सोय आहे. परंतु प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत देण्याचे बंधन विद्यापीठ अनुदान आयोगाने २००९ च्या नियमांत घातले. त्याआधीचे काम ज्या विद्यापीठाने चढवले, त्याचेच तिथे दिसते. हे ठाऊक असूनही मी सिनॉप्सिसमध्ये, म्हणजे प्रबंधाच्या संक्षिप्त आराखड्यात, 'या पट्ट्यातील गाळावर संशोधन झालेले नाही' असे ठोकून दिले. मार्गदर्शक मॅडम काही बोलल्या नाहीत. त्यांनी विभागाच्या कपाटातून टंकलिखित, पिवळी पडलेली पाने असलेला, नेमक्या त्याच विषयावरचा जुना प्रबंध काढून माझ्यापुढे ठेवला.

ते वाक्य आता 'मला आढळले नाही' असे झाले आहे. त्यापुढे कोणत्या साधनावर, कोणत्या स्पेलिंगने आणि कोणत्या तारखेला शोध घेतला, ते कंसात दिले आहे. या खेपेला मॅडमच्या लाल पेनाची खूण तिथे नव्हती.